हुंकार कोण देणार?

माझा आवाजाशी उभा दावा आहे. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर भल्या सकाळी मिक्सर सुरू होतो, खाली पार्किंगमध्ये एक गृहस्थ स्कूटर चालू ठेवून फोनवर बोलतात, आणि कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाबद्दल मी बोलतच नाही, कारण बोलले तरी ऐकू येत नाही. त्यामुळे गावोगावच्या जाणत्या माणसांच्या आठवणी आणि कथा ध्वनिमुद्रित करून जपून ठेवायचं काम कॉलेजात निघालं आणि ते मराठी विभागाच्या, म्हणजे माझ्याच, गळ्यात पडलं, तेव्हा मी वरवर कुरकुर केली, पण मनातून खूश होते. एका माणसानं बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. असं काम मी आयुष्यभर शोधत होते.

मुलांकडून मी चांगली तालीम करून घेतली. बांगड्या काढायच्या. पेन टकटकवायचं नाही. पंखा बंद, फोन बंद. आणि समोरचा माणूस बोलत असताना मध्येच ‘हो’, ‘अच्छा’, ‘बरं’ अजिबात नाही. तुमचा ‘हो’ त्याच्या शब्दावर पडतो आणि तो शब्द कायमचा जातो, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं. ऐकतोय हे दाखवायचं असेल तर मान हलवा. मग मान हलवायचीही तालीम झाली. अख्खा वर्ग नंदीबैलासारखा माना डोलावतोय आणि मी समोर उभी राहून ‘शाब्बास’ म्हणतेय, हे दृश्य आमच्या उपप्राचार्यांनी दारातून पाहिलं आणि काही न विचारता ते निघून गेले.

सगळी मुलं शिकली. शिकली नाही ती फक्त एक मुलगी. ती देवळा तालुक्यातली. घरचा कांदा, घरी आजी-आजोबा, चुलते, आत्या, सगळं भरलेलं खटलं. अशा घरात गप्प बसणाऱ्याला वाढायचं राहून जातं, म्हणून असेल, पण या मुलीच्या तोंडाचा पट्टा थांबायचाच नाही. एरवी ती शहरी मराठी बोलायची, पण गोष्ट रंगात आली की सरळ अहिराणीवर उतरायची. ‘माय वं! मंग? मंग काय व्हयनं?’

सराव म्हणून आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलं-बेल विकणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी त्यांच्या लहानपणीच्या बाजाराबद्दल सांगावं अशी अपेक्षा होती. मुलाखत या मुलीनं घेतली. परत आल्यावर मी ऐकलं, तर सुरुवातीला बाई बाजाराबद्दल बोलत होत्या, मध्यावर दोघी मिळून बोलत होत्या, आणि शेवटी त्या बाईच हिला विचारत होत्या की यंदा कांदा चाळीत ठेवलाय की विकून टाकला, आणि तुझ्या आत्याचं पुढे काय झालं. मी हात टेकले. त्या दिवसापासून तिला माइकपासून लांब ठेवायचं असा माझा शिरस्ता झाला. मी तिला बाहेरची कामं द्यायचे. चहाचं बघ, चपला नीट लाव, कुत्रं भुंकायला लागलं तर हाकल. ती बिचारी सगळं हसत करायची. मला वाटायचं, चला, सुटलो.

आमच्या ग्रंथालयातल्या शिपायाची बहीण पेठच्या पलीकडे एका पाड्यावर दिलेली आहे. तिचे सासरे कथा सांगणारे. त्यानंच हे सांगितलं आणि भाताची कापणी आटोपल्यावर, थंडीत, आम्ही एसटीनं तिकडे निघालो. मी, चार मुलं आणि आमचा रेकॉर्डर. हा रेकॉर्डर सांभाळायला एक मुलगा होता. तो हेडफोन कानावर चढवला की आमच्याशीही बोलायचा नाही, म्हणून माझा लाडका.

पाड्यावर निम्मी घरं कुलपात होती. माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामावर गेलेली. शिपायाची बहीण अंगणात वाटच बघत होती. तिनं चुलीवरचा कोरा चहा दिला आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘मॅडम, बाबांनी काल दाढी करून घेतलीय. सदरा धुतलाय. तुम्ही येणार म्हटल्यापासून झोप नाय त्यांना.’

मग तिनं कारण सांगितलं. बाबांची एक मोठी कथा होती, पाच-सहा रात्री चालणारी. बाबा सांगायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ शेजारी बसून प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा. लहानपणापासून दोघांची जोडी. गेल्या वर्षी अशाच थंडीत कथा सुरू असताना, अर्ध्यावर, भावाला खोकल्याची उबळ आली. आता उद्या सांगू, असं म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी त्याला नाशिकला सिव्हिलमध्ये न्यावं लागलं आणि तो परत आला नाही. कथा तिथेच राहिली. कथेतली मुलगी नदीच्या मध्यावर एका दगडावर उभी होती, चारी बाजूंनी पाणी.

‘कथा अर्धी ठेवायची नसते आमच्यात,’ ती म्हणाली. ‘अर्धी ठेवली की कथेतली माणसं तिथंच अडकतात. बाबा जेवता जेवता थांबतात. म्हणतात, मी इथं भाकर खातोय आन पोसी, ती कथेतली पोर, पाण्यात उभी हाय. लोकांनी सांगा म्हटलं तर इसरलो म्हणतात. इसरले नायत. हुंकार द्यायला कोणी नाय म्हणून.’

मी हे सगळं ऐकलं. ‘अरेरे’ म्हटलं. आणि मुलांना फोन बंद करायला सांगितलं. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. बाईनं मला कुलूप दाखवलं, किल्लीही दाखवली, आणि मी खिडकीतून आत शिरायला निघाले.

बाबा ओटीवर घोंगडीवर बसले होते. अंगानं काटकुळे, पण आवाज भरदार. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे ते माणसाच्या चेहऱ्याकडे नाही, आवाजाकडे बघायचे. मी नमस्कार केला, त्यांनी जवळ बसवून घेतलं.

‘कथा रातची सांगायची असते, बाई,’ ते म्हणाले. ‘दिवसा सांगितली तर मामा वाट चुकतो. पण माझे मामा आता वाट चुकायच्या पलीकडं गेलेत. तुमचं तुम्ही बघा.’

आमच्या रेकॉर्डरवाल्या मुलाचा मामा ट्रक चालवतो. त्याचा चेहरा पडला. पण आमची परतीची गाडी दुपारची, रात्रीची सोय नाही, म्हणून मामाला देवाच्या हवाली करून आम्ही तयारीला लागलो. घोंगडीवर माइक ठेवला, मुलं अर्धगोलात बसली. राहिला प्रश्न कोंबड्यांचा. अंगणात पाच-सात कोंबड्या होत्या आणि प्रत्येकीला काहीतरी म्हणायचं होतं. मी देवळ्याच्या मुलीला म्हटलं, ‘तू बाहेर थांब. कोंबड्या लांब ठेव.’ ती गेली.

‘एक गाव व्हतं,’ बाबांनी सुरुवात केली आणि थांबले.

शांतता. उत्तम शांतता. मुलांनी माना हलवल्या.

‘गावात उंदीर माजलं व्हतं.’ पुन्हा थांबले. पुन्हा सगळ्या माना हलल्या. रेकॉर्डरवाल्या मुलानं तर इतकी हलवली की हेडफोन घसरला.

‘बियाणं सगळं खाऊन गेलं. नागलीचा दाणा उरला नाय.’ आता ते जास्त वेळ थांबले. मान तिरकी करून ऐकत राहिले. मग चाचपडत हात पुढे केला आणि म्हणाले, ‘बाई, पोरं हायेत का गेली?’

‘आहेत ना बाबा. सगळी ऐकतायत.’

‘मंग झोपली काय?’

आतून सुनेचं खुदकन हसू ऐकू आलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही ज्याला शिस्त म्हणत होतो, ती या ओटीवर पाठ फिरवून बसण्यासारखी होती. त्यात बाबांना दिसत नव्हतं. आठवडाभर घोटलेल्या आमच्या माना वाऱ्यावर हलत होत्या.

मी लगेच फर्मान काढलं की हुंकार द्या. पण ज्यांना गप्प बसायला शिकवलं त्यांना एका मिनिटात बोलतं कसं करणार? रेकॉर्डरवाला मुलगा ‘हो... हो... हो...’ असं सुरू झाला. मोबाइल कंपनीचा माणूस तक्रार लिहून घेताना म्हणतो, तसं. दुसरी मुलगी प्रत्येक वाक्यानंतर ‘ओके’ म्हणायला लागली. तिसरा फारच भाविक. तो बाबांचं वाक्य संपायच्या आधीच ‘हां’ म्हणायचा, म्हणजे पुढचं त्याला आधीच ठाऊक असल्यासारखा. मीही देऊन पाहिला. माझा हुंकार वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला दिल्यासारखा, ‘हंऽऽ’, असा निघाला. बाबा दचकलेच.

त्यांनी अजून थोडं रेटलं. गावातल्या एका मुलीला आईनं मामाच्या गावी बी आणायला पाठवलं, इथपर्यंत आले. मग हात गुडघ्यावर टेकले आणि म्हणाले, ‘राहू द्या, बाई. तुमची पोरं चांगली हायेत. पण पुढं काय झालं ते नाय कळलं, तरी त्यांना चालंल. तसं सांगता येत नाय.’

चिडून नाही बोलले. एखाद्यानं घरी आलेल्या पाहुण्याला ‘आज भाजी नाही’ सांगावं तसं, ओशाळून बोलले. धुतलेल्या सदऱ्याची कॉलर त्यांनी उगाच नीट केली. मला फार वाईट वाटलं. इतक्या तयारीनं आम्ही आलो आणि त्या मुलीला दगडावर तशीच उभी ठेवून परत निघणार. सून दारात येऊन उभी राहिली होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

तेवढ्यात कुडाच्या पलीकडून हाक आली.

‘मंग? मंग काय व्हयनं? ती मामाना गावले पोचनी का नही?’

बाबांची मान गर्रकन वळली. ‘कोण हाय ती?’

‘कुणी नाही बाबा,’ मी म्हटलं. ‘कोंबड्या राखायला बसवलीय.’

‘कोंबड्या राहू द्या. तिला आत बोलवा.’

ती आली. काखेत एक कोंबडी होती, ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. माझ्याकडे बघून चाचरत म्हणाली, ‘सॉरी मॅडम, तोंडातून निघून गेलं. पण इतक्या लांब पोरीला एकटीला पाठवलं, मला राहवेना.’ बाबांनी ते ऐकलं. त्यांनी हात पुढे करून घोंगडी थोपटली.

‘बस इथं. पयल्यापासून सांगतो. एक गाव व्हतं.’

‘हां. कोठे व्हतं?’

‘असंच, डोंगराच्या अंगाला.’

‘हां, मंग?’

आणि गाडी सुटली. मी अशी कथा त्याआधी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही नाही. बाबा पाड्यावरची आदिवासी कोकणी मिसळलेलं बोलत होते, ही अहिराणीत विचारत होती, निम्मे शब्द एकमेकांना कळत नसणार, पण दोघांचं कुठेच अडलं नाही. ती नुसतं ‘हां’ म्हणत नव्हती. उंदरांनी बी खाल्लं तेव्हा तिनं उंदरांना शिव्या घातल्या. मामीनं बी देताना माप कमी भरलं तेव्हा ‘अशीच ऱ्हास मामी!’ म्हणून मांडीवर थाप मारली. बाबा खुलले. म्हातारा माणूस उठून उभा राहिला, मामी कशी चालते ते करून दाखवलं, आणि मामीच्या तोंडी दोन वाक्यं अशी घातली की सून आतून पोट धरून बाहेर आली. पाच-सहा रात्रींची कथा त्यांनी आवळत, खुडत एका दुपारीत बसवली, पण एकही वळण सोडलं नाही, असं सुनेनं नंतर सांगितलं. मध्ये एकदा मी घड्याळाकडे पाहिलं. गाडीची वेळ होऊन गेली होती. मी कुणाला काही बोलले नाही.

ते ध्वनिमुद्रण आज कॉलेजच्या संगणकात आहे. तपासायला आलेल्या समितीतल्या एका गृहस्थांनी त्यावर ‘मुलाखतकर्तीचा अनावश्यक व्यत्यय’ असा शेरा मारला आणि तो काढून टाकता येईल का असं विचारलं. रेकॉर्डरवाला मुलगा हुशार. त्यानं संगणकावर बसून हिचा आवाज सगळीकडून कापून काढला आणि आम्हाला ऐकवला. आम्ही जेमतेम दहा वाक्यं ऐकली असतील. एक म्हातारा रिकाम्या घरात एकटाच बोलत बसलाय, असं वाटत होतं. मुलगा स्वतःच म्हणाला, ‘मॅडम, हे भयंकर आहे,’ आणि त्यानं ते पुसून टाकलं. कोंबडीसकट मूळचं होतं ते ठेवलं. समितीच्या गृहस्थांना मी म्हटलं, व्यत्यय काढला तर कथा राहत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. बरोबरच आहे, व्यत्ययाच्या बाजूनं बोलताना मला कॉलेजात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पण त्या दुपारी यातलं काही आमच्या मनात नव्हतं. कथेतली मुलगी बी घेऊन परतीला लागली होती आणि नदी भरून आली होती. बाबांचा आवाज खाली आला. तिनं दगडावर पाय ठेवला. दुसऱ्या दगडावर ठेवला. पाणी चढलं. मधल्या दगडावर ती उभी राहिली आणि मागचा दगड बुडाला, पुढचा दगड बुडाला.

इथे बाबा थांबले. आम्हाला सगळ्यांना कळलं की हीच ती जागा. सून चुलीजवळून उठून भिंतीला टेकली. बाहेर एक कोंबडी ओरडली, तिला कुणी हाकललं नाही.

‘हां,’ देवळ्याची मुलगी म्हणाली. अगदी हळू. मग आणखी हळू, ‘पानी कितलं व्हतं, बाबा?’

‘कमरंएवढं.’

‘हां. मंग?’

‘मंग नदी बोलली. म्हनली, पोसी, गाठोड्यात काय हाय?’

‘हां.’

‘पोसी म्हनली, बी हाय. नदी म्हनली, मला दे, म्या भुकेली हाय. पोसीनं मूठभर दिलं.’

‘माय वं! मंग?’

‘नदीनं तोंडात घातलं आन थुकलं. म्हनली, हे तर कच्चं हाय. भाकर कर. पोसी म्हनली, भाकर करीन, पण चूल घरी हाय, तवा घरी हाय, आई घरी हाय. तू चल माझ्यासंगं.’

‘हां! मंग नदी ऊनी का जेवाले?’

बाबा हसले. तोंडात दात फारसे नव्हते, पण हसू सबंध चेहराभर पसरलं. ‘आली ना! नदी पुढं, पोसी मागं. नदी वाट करून देत चालली. घराच्या दारात आली, भाकर खाल्ली आन म्हनली, आता एवढ्या लांब परत कोण जाणार. म्हनून ऱ्हायली इथंच.’ त्यांनी हात लांब करून अंगणापलीकडे दाखवलं. तिथे एक ओहोळ वाहत होता. सकाळी आम्ही त्यात पाय धुवून आलो होतो. आम्ही सगळेच तिकडे बघायला लागलो.

‘पोसी?’ मुलीनं विचारलं.

‘पोसी घरी. आईनं बी पेरलं. नागली झाली. कथा झाली.’

‘हां,’ ती म्हणाली आणि डोळे पुसले. हसतही होती. मुलं टाळ्या वाजवायला लागली, आणि हेडफोनवाल्या मुलाला तो आवाज कानात घुसून चांगलाच झटका बसला. सून म्हणाली, आता जेवूनच जायचं, नागलीची भाकर टाकते. मी गाडी गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, टोमॅटोचा पिकअप जातो नाशिकला, मागं बसा. मला मागे बसायला अजिबात आवडत नाही, पण त्या दिवशी मी ‘हो’ म्हटलं.

या सगळ्या गलबल्यात बाबा शांत बसले होते. मग त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे तोंड केलं आणि आमच्यापैकी कुणाशीच नाही अशा आवाजात म्हणाले, ‘झाली रे, भाऊ. पोसी पोचली. तू आता बिनघोर जा.’

ओटीवरचा आवाज एकदम थांबला. मुलगी अजून घोंगडीवरच बसलेली होती, दुपारभराच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं,

‘हां.’